लायसन्स लागत नाही

समुद्रकिनाऱ्यावर एक पाटी होती आणि तिच्यावर तीनच शब्द होते : ‘लायसन्स लागत नाही’. इतकं न्याय्य वाक्य मी अजून कुठल्याही कायद्यात वाचलेलं नाही.

पाटीखाली चार जेट स्की वाळूत नाक खुपसून उभ्या होत्या. पाण्यावर चालणारी मोटरसायकल म्हणा. अर्ध्या तासासाठी भाड्याने मिळत होती. मी त्याच क्षणी ठरवलं, ही घ्यायची. आणि मागे सासऱ्यांना बसवायचं.

आता थोडं रिव्हर्स घेतो. (जपून घेतो. दुसऱ्यांदा मी रिव्हर्समध्येच झाडाला धडकून नापास झालो होतो.)

मी गाडी चालवण्याच्या परीक्षेत तीनदा नापास झालेला माणूस आहे. आमच्या गावात ही परीक्षा घेणारे अधिकारी एकच. त्यांनी मला पहिल्यांदा नापास केलं तेव्हा मी घरी येऊन त्यांच्याविरुद्ध तीन पानी तक्रार लिहिली. मी ग्राहक संघटनेत काम करतो, आणि अन्याय सहन करायचा नाही हे आमच्या ऑफिसच्या भिंतीवरच लिहिलंय. सहा महिन्यांनी मी एका मुलीच्या प्रेमात पडलो, रीतसर तिच्या घरी गेलो, बेल वाजवली, आणि दार उघडलं ते ज्यांच्याविरुद्ध तक्रार केली होती त्यांनी.

“या,” ते म्हणाले. “तुमचं अक्षर चांगलं आहे.”

लग्नाला त्यांनी एका शब्दाने हरकत घेतली नाही. पण लग्नानंतरच्या परीक्षेत, जावयाला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये म्हणून, त्यांनी मला गाडी सुरू व्हायच्या आधीच नापास केलं. आरसा सारखा केला नव्हता म्हणे. मित्र म्हणाले, शेजारच्या गावी जाऊन परीक्षा दे. मी म्हटलं, मुळीच नाही. ज्या दारातून बाहेर काढलं त्याच दारातून आत जाईन.

“तुझ्या तत्त्वांना चाकं असती तर किती बरं झालं असतं,” बायको म्हणाली.

तिला सातवा महिना चालू होता. गाडी तिची, लायसन्सही तिचं. (पहिल्याच फटक्यात मिळालेलं. त्या दिवशी बाबा रजेवर होते, बदली अधिकारी आले होते.) प्रश्न एवढाच होता की कळा सुरू झाल्यावर तिला दवाखान्यात न्यायचं कोणी.

“मी नेईन ना,” सासरे म्हणाले होते.

“बाबा, तुम्ही तीसच्या वर जात नाही आणि रिकाम्या चौकातही थांबता. तुमच्यासोबत निघाले तर बाळ वाटेत होईल आणि दवाखाना येईपर्यंत शाळेत जायला लागेल.”

मग ते उठून गेल्यावर ती मला हळूच म्हणाली, “मला तू हवायस रे गाडीवर. त्या दिवशी तू.” ती चेष्टा करत नव्हती. तिने माझी बाही धरली होती, आणि बाही धरून ती कधीच चेष्टा करत नाही.

चौथी परीक्षा सहलीहून परतल्यावर सोमवारी होती. म्हणून ही जेट स्की. आधी समुद्रावर त्यांचं मत बदलायचं, मग सोमवारी कागदावर.

सासरे छत्रीखाली बसून ओल्या टॉवेलची काठाला काठ लावून घडी घालत होते.

“बाबा, चला. जेट स्कीवर एक फेरी मारू.”

“कशाला?”

“लायसन्स लागत नाही.”

“म्हणूनच विचारतोय, कशाला.”

सासूबाई बाळासाठी टोपी विणत होत्या. सुईवरची नजर न काढता म्हणाल्या, “जा हो. पाण्यात झाडं नसतात.”

भाड्याने देणाऱ्याच्या कपाळावर गॉगल होता आणि गळ्यात शिट्टी. त्याने माझ्यापुढे एक फॉर्म धरला आणि म्हणाला, “खाली सही करा साहेब.”

तो फॉर्म वाचणारा त्या किनाऱ्याच्या इतिहासातला मी पहिलाच माणूस असणार. कलम चारमध्ये लिहिलं होतं की चूक मालकाची असली तरी जबाबदारी ग्राहकाची राहील.

“हे चालणार नाही,” मी म्हणालो.

“साहेब, आधी सूचना ऐकून घ्या. ही दोरी मनगटाला. हा उजव्या हाताखालचा खटका दाबला की...”

“एक मिनिट. कलम चार आधी खोडा.”

“वीस वर्षांत कोणी खोडायला नाही सांगितलं.”

“वीस वर्षं कोणी वाचलं नाही.”

सासूबाई तोवर सासऱ्यांचा चष्मा आणि चपला सांभाळायला मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. गॉगलने माझा नाद सोडला आणि उरलेल्या सूचना त्यांनाच सांगायला सुरुवात केली. कानाच्या एका कोपऱ्यात मला सासूबाईंचा आवाज आला, “आणि खटका सोडला तर मग वळते का?” पण तेव्हा मी कलम सहावर होतो. अखेर कलम चार खोडलं गेलं, त्यावर गॉगलची सही झाली, आणि मी जिंकलो. विजयी माणसाने सूचना काय ऐकायच्या. त्याने माझ्या डाव्या मनगटाला दोरी अडकवली, दुसरं टोक गाडीत खोचलं आणि आम्हाला पाण्यात ढकललं.

सासरे लाइफ जॅकेटचे तिन्ही पट्टे दोनदा तपासून मागे बसले. छातीवर हात नेऊन पेन चाचपलं, नव्हतं. घसा साफ करून म्हणाले, “हं. उमेदवाराने सुरू करावं.”

(मी सांगतो, ते सहलीला येतच नाहीत. त्यांचं ऑफिस त्यांच्यासोबत येतं.)

पहिली दोन मिनिटं अवर्णनीय होती. मी सरळ जात होतो. सरळ जाण्यात मला आजवर कोणी नापास केलेलं नाही. वारा तोंडावर, पाणी अंगावर, आणि मागून सासऱ्यांचा आवाज, “वेग बरा आहे.” एवढी स्तुती मी त्यांच्या तोंडून लग्नातही ऐकली नव्हती.

“पुढे तो पिवळा फुगा आहे पाण्यात. तिथून डावीकडे.”

वळणाआधी वेग कमी करावा. हे वाक्य त्यांनी मला पहिल्या दोन परीक्षांत मिळून चाळीसेक वेळा ऐकवलंय. मी आज्ञाधारकपणे खटका सोडला आणि हँडल डावीकडे वळवलं.

जेट स्की सरळ गेली.

“डावीकडे,” सासरे म्हणाले.

“डावीकडेच आहे.”

“हँडल डावीकडे आहे. आपण सरळ चाललोय.”

समोर दोरीने आखलेल्या जागेत दहा-बारा आजीबाई गोल करून कंबरभर पाण्यात व्यायाम करत होत्या. सगळ्यांचे हात वर होते, त्यामुळे त्या आधीच शरण आल्यासारख्या दिसत होत्या. मी हँडल पार टोकाला नेलं. गाडीला माझ्या हँडलशी काही देणंघेणं नव्हतं.

“ब्रेक,” सासरे म्हणाले, आणि माझ्या मागे धप्प आवाज झाला. परीक्षेच्या गाडीत परीक्षकाच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. बत्तीस वर्षांच्या सवयीने त्यांनी उजवा पाय त्या ब्रेकवर मारला होता. तिथे समुद्र होता.

दोरीखालून सरकत आमची गाडी आपणहून मंदावत गेली. शेवटच्या हातभर अंतरावर एका आजींनी पंजा पुढे करून तिचं नाक थोपवलं, जशी एखादी म्हैस थोपवावी.

“कुठे निघालात?” त्यांनी विचारलं.

“डावीकडे,” मी म्हणालो.

त्यांनी दोन मैत्रिणींना बोलावलं, तिघींनी मिळून आमचं तोंड मोकळ्या समुद्राकडे वळवून दिलं, आणि पुन्हा हात वर केले.

मी हार मानणाऱ्यांतला नाही. खटका पूर्ण दाबला आणि सुसाट निघालो. किनाऱ्यावरची छत्री टोपीएवढी झाली, मग बटणाएवढी. आता परत फिरणं भाग होतं. मी मनाशी म्हटलं, मघाशी काहीतरी राहिलं असणार. आणि मागून अचूक तेच वाक्य आलं.

“इशारा?”

बरोबर. वळण्याआधी हाताचा इशारा. मी डावा हात झोकात लांब केला, इतका सरळ आणि इतका ठाम की समुद्रावर कोणाला शंका राहू नये. मनगटाला एक हिसका बसला आणि इंजिन बंद पडलं.

मग फार शांतता झाली. एक पक्षी आमच्यावरून गेला, परत आला, पुन्हा गेला.

“बंद का झाली?” सासऱ्यांनी विचारलं.

“गाडीत दोष आहे. तरी बरं, कलम चार खोडून घेतलं.”

“जावईबापू,” ते जरा वेळाने म्हणाले, “मला पोहता येत नाही.”

आवाज नेहमीचाच होता, अधिकाऱ्याचा. पण माझ्या जॅकेटचा मागचा पट्टा त्यांनी दोन्ही मुठींत धरला होता, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की हे आपल्या भरवशावर इथवर आलेत.

“मला येतं,” मी म्हणालो. “तुम्हाला काही होऊ देणार नाही.” आणि मग, समोर फक्त पाणी होतं म्हणून धीर करून विचारलं, “बाबा, मी खरंच इतकी वाईट चालवतो?”

“चालवता बरी. ऐकत नाही. पहिल्या परीक्षेत मी म्हणालो डावीकडे घ्या. तुम्ही गाडी थांबवून मला सांगितलंत की त्या रस्त्यावर पादचाऱ्यांवर कसा अन्याय होतो.”

“होतो ना पण.”

“होतो. तुमच्या तक्रारीतलं तिसरं पान मला पटलं होतं. मी ते वर पाठवलं. आता तिथे पांढरे पट्टे आहेत. पण तुम्ही त्या दिवशी डावीकडे घेतलं नाहीत.”

लाटेवर आम्ही दोघं वर जात होतो, खाली येत होतो, आणि पांढऱ्या पट्ट्यांची गोष्ट त्यांनी दोन वर्षं मला का सांगितली नाही याचा मी विचार करत होतो. (मी विचारलं नव्हतं.)

तेवढ्यात किनाऱ्याकडून एक जेट स्की आली. ती चालवणाऱ्या होत्या सासूबाई. पदर खोचलेला, जॅकेटच्या खिशातून विणकामाची लोकर बाहेर आलेली. त्यांच्या मागे गॉगल हाताची घडी घालून बसला होता, जसा माणूस विश्वासू ड्रायव्हरच्या मागे बसतो. त्यांनी आमच्याभोवती एक सुबक वळण घेतलं, वळताना खटका हलकेच दाबून ठेवला, आणि बरोबर बाजूला येऊन थांबल्या.

“आई, गाडी बिघडलीय,” मी म्हणालो.

सासूबाईंनी हात पुढे केला, माझ्या मनगटाला लोंबणारी दोरी धरली आणि तिचं टोक गाडीत खोचलं.

“सुरू करा,” त्या म्हणाल्या. सुरू झाली.

“माणूस पडला तर इंजिन बंद व्हावं म्हणून असते ती,” गॉगल म्हणाला. “आणि खटका सोडला की ही वळत नाही. बाईंना सगळं सांगितलं होतं.”

सासरे सासूबाईंकडे बघत राहिले होते. “वळण छान घेतलंत,” ते म्हणाले.

“एकतीस वर्षांपूर्वीही छानच घेत होते. तुम्ही आरशावरून नापास केलंत.”

“नियम होता.”

“आता या मशीनला आरसे आहेत. दोन्ही सारखे करून आलेय.”

परत जाताना सासरे त्यांच्या मागे बसले. माझ्या मागे गॉगल बसला आणि किनारा येईपर्यंत त्याने माझा डावा हात धरून ठेवला.

सोमवारी मी परीक्षेला गेलो तर रांगेत माझ्या पुढे सासूबाई. हातात अर्ज.

“दोन महिने शिकतायत त्या,” बायको म्हणाली. “तू आणि बाबा ऑफिसला गेलात की मी शिकवते.”

“म्हणजे माझ्यावर विश्वास नव्हता?”

“होता. पण पोटात बाळ आहे रे, तुझी संघटना नाही.”

एकाच घरातले दोन उमेदवार बघून सासऱ्यांनी स्वतःच वरिष्ठांना कळवलं होतं, आणि बाहेरगावहून एक अधिकारी बाई आल्या होत्या. परीक्षक पूर्णपणे त्रयस्थ असावा ही माझ्या तक्रारीतली मुख्य मागणी होती. ती अखेर मान्य झाली. सासूबाई बारा मिनिटांत पास झाल्या.

मग मी बसलो. आरसा सारखा केला. रिव्हर्स घेतला, तोही सरळ. बाई म्हणाल्या डावीकडे, मी पादचाऱ्यांचं नावही न काढता डावीकडे निघालो. समुद्राने शिकवलेलं मी विसरलो नव्हतो. वळताना वेग सोडायचा नाही. ऐन वळणावर मी अ‍ॅक्सिलरेटर ठामपणे दाबला.

शेजारून धप्प आवाज आला. या वेळी तिथे ब्रेक होता.

कळा सुरू झाल्या तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. सासूबाई गाडीवर, बायको त्यांच्या शेजारी, मागे सासरे आणि मी. निघताना लक्षात आलं की डावा इंडिकेटर लागत नाही. (दुरुस्त करून आणायचं काम माझ्याकडे होतं.) तेव्हा दर वळणावर मागच्या खिडकीतून डावा हात बाहेर काढायची जबाबदारी माझ्यावर आली. बायकोने सीटच्या फटीतून मागे हात घालून माझी उजवी बाही घट्ट धरली होती, ती तिने शेवटपर्यंत सोडली नाही. नऊ मिनिटांत पोचलो. मुलगी झाली.

दवाखान्याच्या बाकावर सासरे माझ्या शेजारी येऊन बसले. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“जावईबापू, हाताचा इशारा मात्र तुमचा पहिल्यापासून उत्तम आहे,” ते म्हणाले. “नुसत्या त्याचं लायसन्स असतं तर मी तेव्हाच दिलं असतं.”