दिगूभाऊचं वाक्य

तापीकाठच्या आमच्या गावातल्या इतवारा पेठेत आमचं घर, त्याचं मागचं दार दिगूभाऊनं उखडून नेलं. हा आमचा शेजारी. हैदराबाद संस्थान अजून भारतात सामील व्हायचं होतं आणि निजामाशी लढायला सीमेवर काढलेल्या आपल्या छावणीत त्याला चुलीसाठी लाकूड हवं होतं. मी जाब विचारला, तर म्हणाला, "दारं तोडल्याशिवाय स्वातंत्र्य आत येत नसतं." स्वातंत्र्याचं माहीत नाही, पण त्याच दिवशी एक कुत्रं आत आलं आणि दूध पिऊन गेलं.

प्रत्येक उचापतीला त्याच्याकडे असं वाक्य तयार असे. कुणाच्या बागेतला केळीचा घड उचलला, तर "भुकेला कुंपण नसतं." आंघोळ टाळली, तर "सैनिकाला घामाची लाज नसते." आम्ही हसायचो, आणि हसता हसता टाळ्याही वाजवायचो, तेच वाईट.

निजामी हद्दीतला एक नाका जाळायचं ठरलं, तेव्हा त्यानं धाकट्या भावाला, मधूला धाडलं. स्वतः का नाही गेला? "डोकं पडलं तर धड कोण चालवणार?" यावरही आम्ही माना डोलावल्या. मधूला गोळी लागली आणि तो नदीच्या पुरात पडला. सोबतच्यांनी पाहिलं, पण प्रेत हाती लागलं नाही.

दर्भाचा पुतळा करून अग्नी दिला. दहाव्याला तापीच्या घाटावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. आईला सांभाळू, घर बघू, सगळ्यांनी कबूल करून पाहिलं. कावळे समोरच्या लिंबावर नुसते बसून होते. शेवटी दिगूभाऊ पुढं झाला आणि घसा साफ करून म्हणाला, "मधू, तुझं रक्त..."

बायका घाटावर येत नाहीत, पण त्याची आई आली होती. ती म्हणाली, "भाषण नको देऊ. त्याले सांग, तू काहून नाही गेला."

दिगूभाऊ पिंडाजवळ बसला आणि हळूच म्हणाला, "मले भेव वाटलं रे."

कावळा तरीही आला नाही. ऊन चढलं, तशी भटजींनी दर्भाचाच कावळा करून पिंडाला लावला. आई एकटीच पुढं निघून गेली.

पुढं संस्थान सामील झालं. मिरवणुकीत दिगूभाऊ नव्हता. आता तो रोज पानातला पहिला घास गच्चीच्या कठड्यावर ठेवतो. कावळे येतात, भांडून खातात आणि उडून जातात. तो पुन्हा मूठभर भात ठेवतो. आमच्या मागच्या बिनदाराच्या चौकटीतून मला त्याचा आवाज ऐकू येतो.

"मधू, हा तुझा. ये ना रे."