शाईनं धरलं पायजे

गोपीनाथ भोईर माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं: "बाई, डोक्याला कोनतं तेल लावता?"

मी तेव्हा भिवंडीत नवी होते. शाळेत मराठी शिकवायची नोकरी लागली होती आणि भोईरांच्या छपाईखान्याच्या वरच्या मजल्यावर भाड्याने खोली मिळाली होती. छपाईखाना म्हणजे रस्त्यालगतची एक लांबट खोली. तिथे ते आणि त्यांची मुलगी सुरेखा पत्र्याच्या पाट्या छापायचे. मी शाळेसाठी 'परवानगीशिवाय आत येऊ नये' अशी पाटी सांगायला गेले होते, आणि हे गृहस्थ एकदम माझ्या केसांवर घसरले. परगावी एकट्या बाईने अशा वेळी जे करायचं ते मी केलं, म्हणजे चेहरा कडक केला. त्याचा काही उपयोग झाला नाही. "खोबरेल असंल तर उंबऱ्याच्या भायेर उभ्या राहा," ते म्हणाले, आणि मला बाहेर ताटकळत ठेवूनच त्यांनी पाटीचा मजकूर लिहून घेतला.

हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात हे मला मागाहून कळलं. पोस्टमनला, दूधवाल्याला, मतं मागायला आलेल्या उमेदवारालासुद्धा. त्यांचं म्हणणं असं की माणसाचा हात नकळत डोक्यावरून फिरतो, तोच हात पत्र्याला लागतो, आणि लागला तिथे शाई धरत नाही. पाटी खोलीत असते तोवर झकास दिसते. बाहेर टांगली की थोडं ऊन, थोडा पाऊस, आणि अक्षरं पापुद्र्यांनी सुटायला लागतात. "शाईनं धरलं पायजे," हे त्यांचं पालुपद. बायको गेल्यापासून ते जास्तच म्हणतात असं शेजारी सांगायचे, पण शेजारी काय, काहीही सांगतात.

त्यांच्या कामातलं मला कधी काही नीट कळलं नाही. नवा चकचकीत पत्रा आणायचा, तो सोड्याच्या पाण्याने धुवायचा, आणि मग पॉलिश पेपरने घासून त्याची सगळी चमक घालवायची. नंतर त्यावर स्वच्छ पाणी ओतून दोघं बापलेक ओणवे होऊन बघत बसायचे. पाणी सलग पसरलं तर पत्रा साफ. थेंब थेंब झालं तर तेल बाकी, पुन्हा धुवा. "फुटलं," ते खिन्न आवाजात म्हणायचे. मला दोन्ही वेळचं पाणी सारखंच दिसायचं. तसं मी बोलून दाखवलं तेव्हा सुरेखाने माझ्याकडे मोठ्या दयेने पाहिलं.

गिऱ्हाइकं त्यांना कंटाळलेली असायची. शफीकभाई म्हणून पॉवरलूमवाले होते, त्यांची पाटी छापून झाली तरी मिळेना.

"भाई, बोर्ड बना के नहीं?"

"बना हाय. सूखा न्हाय."

"अरे, मैंने हात लगा के देखा, सूखा है."

गोपीनाथदादांचा चेहरा पडला. "हात लगाया?" त्यांनी विचारलं. पुढचं शफीकभाईंना सांगावं लागलं नाही. ते कपाळाला हात लावून बाहेर पडले, आणि ती पाटी थिनरने पुसून पहिल्यापासून सुरू झाली. वरून सुकलेली शाई आतून सुकलेली नसते, हे दादांनी मला नंतर समजावलं. मग आतलं कसं कळतं, असं विचारल्यावर त्यांनी खिशातून चिकटपट्टी काढली. पट्टी पाटीवर दाबायची आणि फटकन ओढायची. शाई पट्टीबरोबर आली नाही तर पाटी पास.

ही चिकटपट्टी घेऊन ते जगभर फिरायचे. एका लग्नात मांडवाच्या दारावरच्या फलकाला त्यांनी पट्टी लावली आणि 'शुभ' एवढं त्यांच्या हातात आलं. वधूचे मामा धावून आले. "माज्यावर का चिडता? छापनाऱ्यावर चिडा," असं म्हणून दादा शांतपणे जेवायला बसले.

आणि मग सुरेखाचं लग्न ठरलं. खरं म्हणजे ठरत आलं आणि अडलं. स्थळ वज्रेश्वरीचं. गरम पाण्याच्या कुंडाजवळ त्या लोकांचं छोटं लॉज होतं. मुलगा शिकलेला, स्वभावाने गरीब. सुरेखाला तो आवडला होता, त्याला सुरेखा. देण्याघेण्याचा प्रश्न नव्हता. फक्त तारीख काढायची, आणि दादा म्हणत, "अजून थोडं थांबा." चैत्रात थांबले, वैशाखात थांबले. मुलाकडच्यांनी शेवटी निरोप धाडला की तुळशीच्या लग्नानंतर आम्ही दुसरीकडे बघू.

मला काहीच उमजेना. मुलगा पसंत नाही म्हणावं तर दादा त्याच्याबद्दल चांगलंच बोलायचे. मुलीशिवाय काम अडेल म्हणावं, तर मदतीला माणूस ठेवायचं त्यांनीच आधी काढलं होतं. त्यात दर रविवारी ते सकाळच्या एसटीने कुठेतरी जायचे, खांद्याला पिशवी, पिशवीत पत्र्याचा खडखडाट. गल्लीत दोन तट पडले. कुणी म्हणे विरक्त झाले, गणेशपुरीला आश्रमात जातात. कुणी म्हणे छे, कुणीतरी बाई आहे. एक दिवस सुरेखा माझ्या खोलीत आली आणि दाराशीच उभी राहिली.

"बाई, बाबांच्या मनात नाही का हो हे लग्न? तुम्हीच विचारा ना. मी विचारलं की ते पत्रा धुवायला घेतात."

पुढच्या रविवारी मी केस स्वच्छ धुऊन त्यांच्याच एसटीत चढले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी एकदा माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि सरकून जागा दिली. आम्ही वज्रेश्वरीला उतरलो. ते सरळ त्या लॉजच्या मागच्या गल्लीत गेले. तिथे कुंपणाच्या तारेवर पत्र्याचे छोटे तुकडे वाळत घातल्यासारखे टांगले होते, आणि प्रत्येकावर त्याच लॉजचं नाव छापलेलं होतं. कुठे अक्षरांना फोड आले होते, कुठे नुसता डाग उरला होता. कुंडाची वाफ वाऱ्याबरोबर तिकडे यायची. दादा एकेका तुकड्याला चिकटपट्टी लावू लागले.

"दादा, हे काय चाललंय?"

मग त्यांनी सांगितलं. पूर्वी, सोयरिकीचा विषयही नसताना, या लॉजची पाटी त्यांनीच छापली होती. ती या हवेत वर्षभरही टिकली नाही. त्यांच्या हातची शाई सुटलेली तेवढी एकच पाटी, आणि ती नेमकी मुलीच्या सासरच्या दारावर. होणारे व्याही भेटले की अजून थट्टा करायचे.

"आता ती मस्करी हाय," दादा म्हणाले. "पोरगी या घरात आली की मस्करी न्हाय राहत, बाई. भाकरी करपली तरी बोलतील, बापाच्याच वळनावर गेलीय. दारातनं जातायेता ती पाटी बघायची तिनं? आधी हितं शाईनं धरलं पायजे. मग तारीख."

हसावं की रडावं ते मला कळेना. पोरीचं ठरलेलं लग्न मोडायला आलं होतं, आणि हा बाप तिला कुणी बोलू नये म्हणून वाफेशी झुंजत बसला होता. मला त्यांचा रागही आला आणि त्या रागाचीच लाज वाटली.

दिवाळीच्या आसपास एक तुकडा पास झाला. तशीच मोठी पाटी लॉजच्या दारावर चढली आणि तुळशीचं लग्न होताच सुरेखाचं झालं.

त्यानंतर छपाईखान्यातला आवाज गेला. दादा एकटेच पत्र्यावर पाणी ओतायचे आणि फुटलं की नाही हे कुणाला सांगायचे नाहीत. मुलीकडे जाऊन या म्हटलं तर म्हणायचे, "लेकीच्या सासरी बापानं उगाच जाऊ नये. बरं दिसत न्हाय." जुन्या वळणाचा माणूस, तिच्या घरचं पाणीसुद्धा घेणारा नव्हता.

होळीच्या आधी एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप आला: पाटीची शाई सुटली. मला दादांची काळजी वाटली. पण त्यांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि सामान घेऊन निघाले. कामाला गेलेल्या माणसाला जेवायला थांबवतातच, तसं त्यांना थांबवलं. परत आले ते खुशीत. पावसाळ्यानंतर पुन्हा तोच निरोप. मी चक्रावले. तुकडा टिकतो आणि पाटी टिकत नाही, हे कसं?

त्या हिवाळ्यात शाळेची सहल घेऊन मी वज्रेश्वरीला गेले. भरदुपारी सुरेखा लॉजच्या दारात स्टुलावर चढली होती आणि पाटीचं एक अक्षर कडेने खरवडत होती. मला पाहून ती खाली उतरली नाही. डोळे मात्र भरून आले.

"बाबांना सांगू नका, बाई. नाहीतर ते येणारच नाहीत."

मी कशाला सांगतेय? आठवड्याने दादा ती पाटी दुरुस्तीला घेऊन आले. मी मुद्दाम खाली गेले आणि न विचारताच म्हणाले, "तिथली हवाच फार वाईट हो."

"वाईट," ते म्हणाले. पाटी त्यांच्या मांडीवर होती. सुटलेल्या अक्षराच्या कडेवरून ते अंगठा फिरवत होते. "वाफेनं सुटलं तर फोड येतो, बाई. मग टवका पडतो. हे तसं न्हाय. हे नखाचं हाय. पयल्या खेपेचं बी नखाचंच होतं."

त्यांनी शाईचे डबे एकेक करून पुढे ओढले, झाकणं उघडून पाहिली आणि कोपऱ्यातला एक जुना डबा निवडला.

"या वक्ताला जरा हलकी शाई घेतो," ते म्हणाले. "पोरीची नखं दुकत असतील."