जनूभाऊंचा रिकामा फ्लॅश

आमच्या जनूभाऊंकडे पासपोर्ट फोटो काढायला गेलात, तर ते लगेच कॅमेऱ्याला हात लावत नाहीत. तुम्हाला स्टुलावर बसवतात, तुमच्या तोंडाकडे निरखून बघतात आणि विचारतात, "जेवलास का?" तुम्ही नाही म्हणालात की संपलं. "जा, काहीतरी खाऊन ये. उपाशी तोंडाचा फोटो मी काढत नाय."

शहापूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचा स्टुडिओ आणि माझं झेरॉक्सचं दुकान अगदी भिंतीला भिंत लागून आहे. माझ्याकडे फॉर्म भरायचा, त्यांच्याकडे फोटो काढायचा, परत माझ्याकडे येऊन तो स्कॅन करायचा, अशी गिऱ्हाइकांची ये-जा. त्यामुळे त्यांच्या या जेवणखाण्याच्या चौकशीचा ताप कुणाला होत असेल, तर तो मला. किन्हवलीचा एक मुलगा भरतीचा फॉर्म घेऊन आला होता. शेवटचा दिवस, साईट आचके देतेय, मी इकडे माऊसवर बोट ठेवून बसलेली, आणि हा गडी जनूभाऊंच्या हुकमावरून समोरच्या हॉटेलात मिसळ खातोय! मी भिंतीवर थाप मारून ओरडले, "अहो जनूभाऊ, त्याचा फोटो काढायचाय की डोहाळजेवण करायचंय?"

पलीकडून शांत आवाज आला, "दम धर गो बाय. हा फोटो रिटायर होईपर्यंत त्याच्या फायलीत ऱ्हाणार हाय."

जनूभाऊ सत्तरीला आलेत. उंच, वाकलेले, कायम पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि खिशात लेन्स पुसायचं फडकं. त्याच फडक्याने चष्माही पुसतात आणि कपाळही. सकाळी शटर वर करताना त्यांच्या तोंडून पहिला शब्द येतो तो 'दमलो'. अहो, दिवस अजून उजाडलाय कुठे? मी एकदा विचारलंच, की रात्रभर नांगर धरला होता का. तर म्हणाले, "चाळीस वर्षं 'इकडं बघा, इकडं बघा' करतोय. एक माणूस सरळ बघत नाय. दमणार नाय तर काय करणार?"

बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी वाशिंदला दिली आहे, ती सणावाराला येते. बाकी जनूभाऊ, त्यांचा स्टुडिओ, आणि पडद्यावरचा तो काश्मीरचा देखावा. त्या देखाव्याचा रंग इतका उडालाय की डोंगरावरचा बर्फ कुठला आणि नुसतं कापड कुठलं ते ओळखू येत नाही. बदला म्हटलं तर ऐकत नाहीत.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते माझ्याकडे चहा प्यायला येतात आणि जुन्या लग्नांच्या गोष्टी सांगतात. त्यात त्यांची फजिती नाही अशी एकही गोष्ट नसते. मुरबाडकडच्या एका गावात म्हणे एकाच दिवशी दोन घरांत हळदी होत्या. जनूभाऊ एसटीतून उतरले, पहिला मांडव दिसला त्यात शिरले आणि कामाला लागले. नवऱ्या मुलाला हळद लागली, काकवा नाचल्या, जनूभाऊंनी दोन रोल संपवले. मंडळींनी आग्रह करून पंगतीला बसवलं. कुणीही विचारलं नाही, की बाबा तू कोण? घरच्यांना वाटलं पाहुण्यांनी आणलाय, पाहुण्यांना वाटलं घरच्यांनी. आणि पलीकडच्या आळीत ज्यांनी खरंच बोलावलं होतं, ते लोक सकाळपासून फोटोवाल्याच्या नावाने बोटं मोडत होते!

"मग?" मी विचारलं.

"मग काय? दुपारी तिकडं गेलो. त्यांनी हळद धुवून टाकली होती. मला बघून परत लावली."

एकदा एक शेतकरी त्यांना म्हशीच्या विम्यासाठी फोटो काढायला घेऊन गेला. म्हशीच्या कानातला बिल्ला दिसला पाहिजे आणि मालकही शेजारी दिसला पाहिजे, असा नियम. जनूभाऊंनी अर्धा तास म्हशीची मान वळवण्यात घालवला. शेवटी म्हैस अगदी सुंदर उभी राहिली, आणि नेमके त्याच क्षणी मालकाने डोळे मिटले. जनूभाऊंनी तोच फोटो दिला. मालक कुरकुरला तेव्हा म्हणाले, "विमा कुनाचा हाय? तुझा का तिचा?"

आता ही कामंही गेली. लग्नाला ड्रोनवाली पोरं येतात, माहुली किल्ल्याच्या पायथ्याला जाऊन नवरा-नवरीला लग्नाआधीच पळायला लावतात. बाकीचे फोटो ज्याच्या त्याच्या मोबाइलवर. जनूभाऊंना त्याचा राग नाही. नुसता कंटाळा आहे.

अशाच एका दुपारी त्यांनी मला रिकाम्या फ्लॅशची गंमत सांगितली. रोलच्या जमान्यात एका रोलमध्ये छत्तीसच फोटो निघायचे. लग्नात मात्र प्रत्येक मामा, प्रत्येक आत्या, नवऱ्याच्या कंपनीतले सगळे मित्र, सगळ्यांना 'आमचा एक' पाहिजे असायचा. नाही म्हटलं तर रुसवे. मग फोटोवाले काय करायचे? रोल संपला तरी कॅमेरा डोळ्याला लावायचे, फ्लॅश उडवायचे. लख्ख उजेड पडायचा, मंडळी खूश होऊन जेवायला जायची. नंतर कोण मोजायला बसतंय?

मी पोट धरून हसले. म्हटलं, "काय हो जनूभाऊ, सगळ्या तालुक्याला फसवलंत की!" ते नाही हसले. कप खाली ठेवला आणि उठून गेले. तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याची तब्येत बरी नसेल.

यंदा लगीनसराईच्या तोंडावर सुमन आली. खर्डीच्या पुढच्या गावातली, पन्नाशीची, हातात पिशवी. तिच्या मुलीचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं. आमच्याकडे लग्नाचं पहिलं बोलावणं देवाला आणि गेलेल्या माणसांना असतं. देवापाशी त्यांचे फोटो मांडायचे, हार घालायचा, मग बाकीच्या पत्रिका. सुमनला तिच्या आईचा फोटो हवा होता. आई तिच्या लग्नानंतर दोन वर्षांत गेली. तिचा दुसरा एकही फोटो कुठे नव्हता.

"माज्या लग्नात तुमीच व्हते ना फोटो काढायला," ती जनूभाऊंना म्हणाली. "आई तर सगल्यांना सांगायची, माजा फोटो शहापूरला फोटोवाल्याकडं हाय म्हणून. आमचं कधी यायला झालं नाय. आता पायजे बघा."

जनूभाऊंनी ती कुठली, लग्न कुठलं, एवढं विचारलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "शोधतो," म्हणाले. "पुढच्या गुरुवारी ये."

मग जे सुरू झालं ते विचारू नका. जनूभाऊंनी माळ्यावरून निगेटिव्हचे डबे काढले. तीन दिवस स्टुडिओ बंद ठेवून एक एक पट्टी उजेडाला धरून बघितली. त्यात काही मिळालं नाही, तसे स्कूटर काढून सुमनच्या माहेरी गेले, तिच्या नणंदेकडे मुरबाडला गेले, ज्याच्या घरी म्हणून त्या लग्नाचा आल्बम होता त्याच्या घरी गेले. अहो, लोकांना वाटलं हे कसली तरी जाहिरात करत फिरतायत! सगळ्या आल्बमात नवरा, नवरी, मामा, मित्र. आई कुठेच नाही.

असणार कशी? बाई विधवा होती. शुभकार्यात पुढे यायचं नाही म्हणून दिवसभर मांडवामागे चुलीपाशी बसलेली. वरातीची घाई सुरू झाल्यावर सुमननेच तिला हाताला धरून ओढत आणलं होतं आणि फोटोवाल्याला म्हणाली होती, आमच्या दोघींचा एक काढा. जनूभाऊंचा शेवटचा रोल तोवर नवऱ्याच्या मित्रांवर संपला होता. तरी दुसऱ्या कुणाच्या फोटोत ती मागे आली असेल, म्हणून ही सगळी धावपळ.

हे त्यांनी मला बुधवारी सांगितलं, माझ्या दुकानात, मान खाली घालून. मला भयंकर राग आला. त्यांचा आला, त्या मित्रांचा आला, आणि पोट धरून हसले होते म्हणून माझा स्वतःचाही आला. पण रागाने फोटो थोडाच येणार? म्हणून मीच एक शहाणपणा केला. म्हटलं, सुमनचा फोटो माझ्याकडे आहे, तिच्या रेशनकार्डाच्या कामात स्कॅन केला होता. हल्ली कम्प्युटर काय वाटेल ते करतो. तिलाच जरा म्हातारी करू, लुगडं नेसवू, जुना रंग देऊ. एवढ्या वर्षांनी तिला काय आठवणार?

जनूभाऊ फडक्याने चष्मा पुसत राहिले. मी बसले आणि केला. पहिल्यांदा त्या कम्प्युटरने बाईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं, गळ्यात मंगळसूत्र घातलं. कप्पाळ माझं! ते सगळं पुसलं. शेवटी खरंच छान बाई तयार झाली. शांत, सोज्वळ, अगदी फ्रेम करून लावावी अशी.

जनूभाऊंनी प्रिंट हातात घेतली, दारात उजेडात नेली, बराच वेळ बघितली. "चांगली बाय हाय," ते म्हणाले. "कोण हाय ही?"

तरी त्यांनी ती पाकिटात घातली.

गुरुवारी सुमन आली. पाकीट काउंटरवर होतं. मी काम टाकून त्यांच्या दारात उभी राहिले, कारण मला जनूभाऊंचा भरवसा नव्हता. सुमन एकदम खुशीत होती. म्हणाली, "मुलीला सांगितलंय, आता आजी बघशील. तिनं बघितलीच नाय ना."

जनूभाऊंनी पाकिटावर हात ठेवला. मग ते उचललं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं.

"ताई, तो फोटो नाय."

"हरवला?"

"हरवला नाय. काढलाच नव्हता. रोल संपला होता. मी नुसता फ्लॅश मारला."

सुमनला कळेना. जनूभाऊंनी परत सांगितलं, सरळ, काही न लपवता. तिचं तोंड पांढरं पडलं. "मंजे माजी आई मरेपर्यंत लोकांना खोटंच सांगत व्हती?"

"ती खरंच बोलत होती गो. खोटा मी."

ती मटकन स्टुलावर बसली आणि रडायला लागली. जनूभाऊ तसेच उभे. मला वाटलं आता ही त्यांना वाट्टेल ते बोलणार, आणि बोलायलाच पाहिजे होतं. पण तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "ठीक हाय. देवापाशी मी सुपारी मांडीन तिच्या नावाची. पन माजी मुलगी विचारंल ना, आजी कशी दिसायची. मलाच आता नीट आठवत नाय वो. चेहरा आठवायला गेली का निसटतो." मग तिने जनूभाऊंकडे बघितलं. "तुमी बघितलं तरी व्हतं का तिला?"

"फिकं निळं लुगडं," जनूभाऊ म्हणाले. "काठाला पांढरी रेघ. हाताला पीठ लागलेलं, ते ती पाठीमागं पुसत होती. उंचीला तुझ्या कानापर्यंत. डाव्या गालावर कोळशाचा डाग होता. मी एरवी सांगतो, पुसा म्हणून. तिला नाय सांगितलं."

सुमनने हातातली पिशवी खाली ठेवली.

"तू तिच्या खांद्यावर डोकं टाकलंस, तर तुझी मुंडावळ तिच्या कानातल्या कुडीत अडकली. ती सोडवायला गेलीस, तर आणखी गुंतली. तवा ती हसली. पुढचा एक दात नव्हता, म्हणून तोंडावर हात धरला, आणि गालाला पीठ लागलं. मग तूपण हसलीस."

"वो," सुमन म्हणाली. "वो, वो. कुडी. आडकली व्हती."

"जनूभाऊ," मी म्हटलं, "अहो एवढ्या वर्षांचं हे सगळं तुमच्या लक्षात कसं राहिलं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "रोल असला का मी माणूस नाय बघत गो. उजेड बघतो, फोकस बघतो, मागं कोण तोंड घालतंय ते बघतो. त्या वेळी रोल नव्हता. कॅमेरा डोळ्याला लावून दुसरं करणार काय? तिलाच बघत ऱ्हायलो. अशा रिकाम्या फ्लॅशची सगळी माणसं आठवतात मला. ज्यांचे फोटो दिले, त्यातलं कोण आठवत नाय."

माझ्या दुकानात दोन माणसं येऊन उभी होती. "बाई, झेरॉक्स!" म्हणून एकाने हाक मारली. "थांबा हो जरा!" मी खेकसले.

सुमनने डोळे मिटून घेतले होते. "आजून सांगा," ती म्हणाली. "सावकाश सांगा. मला घरी जाऊन सांगायचंय."

जनूभाऊंनी तिच्यासमोर खुर्ची ओढली, बसले, आणि आईच्या पावलांपासून सांगायला लागले.