सात नंबरच्या बदल्यात कॉम्प्युटर

मशीन कुठे अडलंय ते मी नुसत्या कानाने ओळखतो. रत्नागिरीत वरच्या आळीत माझा टायपिंगचा क्लास आहे, माडीवर, आठ मशीनचा. मी खाली पडवीत चहा पीत बसलेला असलो तरी वर कोणत्या मशीनची कोणती की अडकली ते मला कळतं. "तीन नंबर, एच अडकलाय, बोटाने उचल!" असं मी खालून सांगतो आणि वरून "हो सर" येतं. वीस वर्षांत एकदाही चुकलेलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुमचा विश्वास बसायचा नाही.

तर सत्त्याऐंशी साल, गणपती नुकतेच गेलेले. बातमी आली की मारुती मंदिराकडे कोल्हापूरचे कोणी कॉम्प्युटरचा क्लास काढतायत, दसऱ्याच्या मुहूर्तावर. दुसऱ्याच दिवशी सकाळच्या बॅचमधली गोदा मशीनवर झाकण घालता घालता म्हणाली, "सर, आपल्याकडे नाही का येणार कॉम्प्युटर? नाही, आमची आई म्हणते, आता टायपिंग कशाला शिकायचं."

"येणार की," मी म्हणालो. "दसऱ्याला."

का म्हणालो, देव जाणे. पण सात पोरं माझ्याकडे बघत होती आणि ती सातही दसऱ्यानंतर मारुती मंदिराकडे दिसणार हे मला कळत होतं. हा क्लास माझ्या वडिलांनी काढला. तो माझ्या हातून बंद पडणं मला परवडणारं नव्हतं. संध्याकाळी पेंटरला सांगून आलो. एरवी आठ दिवस तोंड न दाखवणारा माणूस, त्याने सकाळीच बोर्ड लावला: 'आत्माराम टायपिंग क्लास व कॉम्प्युटर वर्ग'. कॉम्प्युटर सोडून सगळी तयारी झाली.

अशा वेळी मला धाकू आठवला.

धाकू म्हणजे आमच्या हिचा, यमुनेचा, मावसभाऊ. केळशीचा. बोटीवर असतो, तेव्हा सुट्टीवर घरी आलेला. दोन वर्षांपूर्वी हँबुर्गला त्याच्या बोटीच्या ऑफिसातलं जुनं सामान काढून टाकत होते, त्यातला एक कॉम्प्युटर त्याने उचलून आणला होता. केळशीच्या घरात तो माजघरात ठेवलेला, वर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर धाकूचा गणवेशातला फोटो. कोणी कधी चालू केलेला नाही. मी पत्र टाकलं, आणि चौथ्या दिवशी धाकू कॉम्प्युटर आणि वरचा रुमाल घेऊन एसटीने हजर. यमुना तेव्हा गुहागरला बहिणीकडे गेली होती.

"न्या भावजी खुशाल," धाकू म्हणाला. "मला त्याचा काय उपेग नाय. फक्त बाबांना त्याच्या बदल्यात एक टाइपरायटर पायजे."

बाबा म्हणजे भिकाजीकाका. गावच्या मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी. जेटी बांधून मिळावी म्हणून ते अकरा वर्षं सरकारला अर्ज करतायत, आणि हाताने लिहून लिहून त्यांचा अंगठा दुखायला लागला होता.

धाकूने आठही मशीनवर एकेक बोट मारून बघितलं आणि म्हणाला, "हे द्या. हे लोण्यासारखं चालतंय."

सात नंबर!

सात नंबर म्हणजे मराठी कीबोर्डचं जुनं मशीन. यमुना माझ्याकडे शिकायला आली ती सात नंबरवर. तिचा स्पीड वाढेना म्हणून मी रोज अर्धा तास त्या मशीनशेजारी उभा राहायचो. परीक्षा झाली, ती पास झाली, तरी मी उभाच. शेवटी वडिलांनी तिच्या घरी जाऊन सरळ विचारलं. तेव्हापासून दर दसऱ्याला मशीनची पूजा यमुना करते आणि पहिलं फूल सात नंबरला. त्याचा 'ळ' तेवढा ओळीच्या वर उडतो. दुरुस्त करू म्हणतो आणि राहून जातं.

"दुसरं कुठलं घे ना," मी म्हणालो.

"मग राहू दे," म्हणून धाकू कॉम्प्युटरला पुन्हा गोणपाट गुंडाळायला लागला.

शेवटी असं ठरलं. दसऱ्यापर्यंत कॉम्प्युटर चालू झाला तर अदलाबदल पक्की. नाही झाला तर धाकू सात नंबर परत आणून देणार. आणि यमुनेपाशी चकार शब्द काढायचा नाही. धाकू सात नंबर घेऊन गेला. मी स्वयंपाकघरातून एक पत्र्याचा डबा आणला, सात नंबरच्या जागी ठेवला आणि त्यावर मशीनचं झाकण घातलं. दारातून बघितलं तर शंका यायचं कारण नव्हतं.

आता कॉम्प्युटर. बटण दाबलं. पंखा फिरला, आतून कर्रकर्र आवाज आला. हा आवाज मी ओळखतो. तेल नाही! मी तेलाची कुपी काढली, आणि तेवढ्यात हरिश्चंद्र आला म्हणून बरं. हरिश्चंद्र माझा जुना विद्यार्थी, मीच निरोप धाडून बोलावलेला. एका ऑफिसात कॉम्प्युटर चालवतो. त्याने माझा हातच धरला.

"सर, ह्याला तेल नाही घालायचं."

"मग हा ओरडतोय का?"

"ओरडत नाही, शोधतोय. ह्याला डॉस लागतो. फ्लॉपीवर असतो. डॉस घातल्याशिवाय हा काहीच करणार नाही. मी ऑफिसातून आणलाय."

त्याने एक काळी, चौकोनी, पापडासारखी चपटी फ्लॉपी फटीत सरकवली. कर्रकर्र झालं आणि पडद्यावर हिरवी इंग्रजी अक्षरं उमटली. सिस्टिम डिस्क नाही, दुसरी घाला आणि तयार झालात की कोणतीही की दाबा.

कोणतीही की! मी वीस वर्षं पोरांना सांगतोय की प्रत्येक बोटाला आपापली की असते, आणि हा म्हणतो कोणतीही. तरी मी ताठ बसलो, मनगट वर घेतलं आणि उजव्या करंगळीने रीतसर अर्धविराम दाबला. पुन्हा तेच. गोदा म्हणाली, "सर, दुसरी कोणती तरी दाबून बघू." मग सकाळच्या बॅचने वरच्या ओळीपासून सुरुवात केली. प्रत्येक की झाली. स्पेस बार झाला. तेच उत्तर, त्याच नम्रपणाने.

दुसऱ्या दिवशी हरिश्चंद्र दुसरी फ्लॉपी घेऊन आला. ह्या वेळी पडद्यावर कोणत्या तरी कंपनीचं नाव आलं, आमच्या जीवात जीव आला, आणि तिथेच सगळं गोठलं. की दाबा, बटण दाबा, हाक मारा, काही नाही. तिसऱ्या दिवशी तिसरी. ती घातल्यावर तर नावही येईना.

हरिश्चंद्र डोकं खाजवत बसला. मग म्हणाला, "सर, हे आमच्या मशीनच्या कंपनीचे डॉस आहेत. तुमच्या मशीनची जात वेगळी. आतली रचनाच निराळी आहे. तो डॉस आत जातो, इकडेतिकडे बघतो आणि आपलं घर नव्हे म्हणून थांबतो. ह्याच्याबरोबर आलेली फ्लॉपी पाहिजे."

मी धाकूला तार केली: 'कॉम्प्युटरसोबतची काळी चौकोनी पाकिटे घेऊन ताबडतोब ये.' पोस्टातल्या माणसाने माझ्याकडे दोनदा बघितलं, पण घेतली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी यमुना गुहागरहून आली. मी तिला माडीवर चढू दिलं नाही. वर रंग ओला आहे म्हणालो. ती म्हणाली, "मग वास कसा नाही येत?" मी म्हणालो, नवीन प्रकारचा रंग आहे. संध्याकाळी मी हरिश्चंद्राकडे गेलो होतो, तेवढाच वेळ ती घरात एकटी होती. परत आलो तर ती शांतपणे झेंडूच्या माळा करत बसली होती.

"स्वयंपाकघरातला मोठा डबा कुठे गेला हो?" तिने विचारलं.

"असेल कुठेतरी," मी म्हणालो आणि आंब्याची पानं मोजायला लागलो.

दसऱ्याला सकाळी माडी भरली. सातही पोरं, गोदाची आई, बोर्ड वाचून आलेली चार माणसं, हरिश्चंद्र. यमुना पूजेचं ताट घेऊन कोपऱ्यात उभी. आणि ऐन वेळी धाकू आला, मुक्कामी चिपळूणला राहून पहिल्या गाडीने. त्याने पिशवीतून फ्लॉपी काढली आणि हरिश्चंद्र "अरे देवा" म्हणून खालीच बसला.

फ्लॉपीला डाव्या कडेला दोन भोकं पाडलेली. भोकांतून फायलीची लाल दोरी ओवलेली. वर जांभळा शिक्का: केळशी मच्छीमार सोसायटी, आवक क्रमांक ११७.

"बाबांची सवय," धाकू ओशाळून म्हणाला. "घरात आलेला चपटा पदार्थ दिसला की ते भोकं पाडून फायलीला लावतात. ही जेटीच्या फायलीत सापडली. आणि ह्याची पोच द्यायला सांगितलीय."

हरिश्चंद्राने फ्लॉपी उजेडात धरली, तिरपी केली, डोळे बारीक केले. "आतली तबकडी गोल असते. भोकं कोपऱ्याकडे पडलीत. जेमतेम सुटलीय. घालून बघू."

दोरी सोडली. फ्लॉपी आत सरकवली. कर्रकर्र. पडद्यावर कंपनीचं नाव आलं, त्याखाली तारीख विचारली, वेळ विचारली, हरिश्चंद्राने दोन्ही वेळा एंटर मारला, आणि मग एक 'ए', त्यापुढे एक कोन, आणि त्यापुढे लुकलुकणारी बारीक रेघ.

"सर, चालू झाला," हरिश्चंद्र म्हणाला. टाळ्या पडल्या. गोदाच्या आईनेही वाजवल्या.

"आता काय करायचं?" मी हळूच विचारलं.

"आता तुम्ही काहीतरी टाइप करा."

हे मला येतं! मी खुर्ची पुढे ओढली, पाठ ताठ केली, दहा बोटं जागेवर ठेवली आणि ज्या धड्यावर हा क्लास वडिलांपासून उभा आहे तो पहिला धडा, न बघता, एका लयीत टाइप केला. ए एस डी एफ, मग अर्धविराम, एल, के, जे. हरिश्चंद्राने एंटर मारला.

पडद्यावर उमटलं: बॅड कमांड ऑर फाइल नेम.

"म्हणजे काय?" गोदाच्या आईने विचारलं.

"म्हणजे, सर जे म्हणाले ते त्याला कळलं नाही," हरिश्चंद्र जमेल तितक्या आदराने म्हणाला.

"काही का असेना, चालू तर झाला," धाकू हात चोळत म्हणाला. "मग भावजी, आपला सौदा..." आणि यमुनेकडे लक्ष जाऊन थांबला.

यमुना पुढे आली. ताट घेऊन थेट सात नंबरपाशी गेली आणि मी काही बोलायच्या आत तिने झाकण काढलं. डबा. तिने डब्याला हळद लावली, कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि नमस्कार केला. मग कमरेला खोचलेलं एक पत्र काढून माझ्या हातात दिलं.

भिकाजीकाकांचं पत्र होतं, टाइप केलेलं. आदल्या दिवशी संध्याकाळी, मी नसताना, पोस्टाने आलेलं. 'आपल्या तारेस अनुसरून काळे पाकीट, नग एक, पाठवीत आहोत.' वर डाव्या कोपऱ्यात गावाचं नाव, केळशी. त्यातला 'ळ' ओळीच्या वर उडालेला.

"दोन वर्षं मी त्या 'ळ'शी झगडले आहे," यमुना म्हणाली. "मला नाही ओळखू यायचा?" आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "काय ठरलं होतं, धाकूदादा?"

धाकूने मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. चालू झाला तर अदलाबदल, नाही तर परत.

"मग काय हो?" यमुनेने मला विचारलं. "झाला का चालू?"

मी कॉम्प्युटरकडे बघितलं. रेघ लुकलुकत होती. पोरं माझ्याकडे बघत होती. खाली रस्त्यावर बोर्ड होता. दहा दिवस मी ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं तो समोर चालू होता, आणि कोपऱ्यात डब्यावर झेंडूचं फूल होतं. मला फार वाईट वाटलं, ते कॉम्प्युटरसाठी नाही.

"नाही," मी म्हणालो. "चालू झालेला नाही."

"सर, अहो, हा बघा की..." हरिश्चंद्र म्हणाला.

"टायपिंगचा पहिला धडा ज्याला कळत नाही, त्याला मी चालू म्हणत नाही," मी म्हणालो आणि बटण बंद केलं.

सात नंबर पंधरा दिवसांनी केळशीहून परत आलं. पाठीवर जांभळा शिक्का, जावक क्रमांक ९४. कॉम्प्युटर धाकूने नेला नाही. एसटीत पुन्हा कोण उचलणार, म्हणाला. तो माडीवरच आहे, क्रोशाच्या रुमालासकट. पोरं काही गेली नाहीत, कारण मारुती मंदिराकडच्यांनी दोन महिन्यांत नियम काढला की आधी टायपिंग शिकून या. मी तिथे एकदा डोकावून आलो. त्यांचे सर दोन बोटांनी टाइप करतात.

भिकाजीकाकांना पोच यमुनेने सात नंबरवर टाइप केली. मी शेजारीच उभा होतो. केळशीतला 'ळ' नेहमीप्रमाणे वर उडाला.

"आण, तेवढा दुरुस्त करून टाकतो," मी म्हणालो.

"हात लावू नका," ती म्हणाली. "पुन्हा कुठे पाठवलंत तर मला कळायचं कसं?"