दृष्टीची आवश्यकता नसलेले पद

अठ्ठ्याहत्तर सालच्या दसऱ्याच्या सुमारास वाशीमजवळच्या मालेगावच्या आमच्या कापूस खरेदी संघाकडे एक परिपत्रक आलं. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने तीस दिवसांच्या आत किमान एक अंध व्यक्ती कामावर घ्यावी व तसे कळवावे. घेतली नसल्यास का घेतली नाही ते कळवावे. दोन्ही न कळवल्यास अनुदान थांबेल, असा त्याचा आशय होता. मी, देवमन, संघाचा एकुलता एक कारकून. परिपत्रक मीच वाचलं, मीच आवक रजिस्टरला चढवलं आणि व्यवस्थापक दौलतरावांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

दौलतराव नियमाचा माणूस. कोणताही कागद आला की ते शेवटची ओळ आधी वाचत. शेवटच्या ओळीत अनुदान होतं, त्यामुळे अंध बांधवांविषयी त्यांना तिथल्या तिथे कळवळा आला.

"देवमन, आपल्याकडे दृष्टीची आवश्यकता नसलेलं पद कोणतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "साहेब, तसं पाहिलं तर..."

"तसं पाहू नका. लेखी घ्या."

मग प्रत्येक कर्मचाऱ्याकडून खुलासा मागवला: आपल्या कामात डोळ्यांचा उपयोग कितपत होतो? पहारेकरी भाऊसिंगने लिहून दिलं की तो डोळ्यांत तेल घालून पहारा देतो. हे लिहून घेण्यासाठी त्याला भर दुपारी हलवून उठवावं लागलं. काट्यावरच्या माणसाने लिहिलं की त्याची नजर काट्यावरून हलत नाही. मी लिहिलं की संघाचा एकही कागद माझ्या नजरेतून सुटत नाही. डोळ्यांचा इतका वापर करणारी संस्था पंचक्रोशीत दुसरी नसेल.

फसले ते अमरसिंग. ते आमचे प्रतवारीवाले, म्हणजे गाडीतला कापूस एक नंबरचा, दोनचा की तीनचा ते ठरवणारे. खुलासा म्हणजे आपल्या मोठेपणाची विचारपूस आहे असं त्यांना वाटलं. त्यांनी लिहिलं, 'वीस वर्षांच्या अनुभवामुळे मला आता कापूस बघावासुद्धा लागत नाही. गाडी कोणाची एवढं कळलं की प्रत कळते.'

दौलतरावांनी ते दोनदा वाचलं. कापूस बघावा लागत नाही, असं खुद्द पदाधिकारी लिहून देतो आहे. म्हणजे पद सापडलं. अमरसिंगांना गोदामावर बढती मिळाली आणि प्रतवारीची जागा अंध उमेदवारासाठी राखीव झाली.

उमेदवार मिळाला तो शिरपूर जैनचा फय्याज पिंजारी. लहानपणी देवी आल्या आणि जाताना त्याचे डोळे घेऊन गेल्या. बापाच्या पिंजणाशेजारी बसून त्याने वीस वर्षं कापूस चिवडला होता. आता बापही नव्हता आणि पिंजणही पडून होतं. घरात बसून हात सडून राह्यले, असं तो म्हणायचा. त्याची बायको लतीफा त्याला एसटीतून घेऊन आली.

मुलाखत दौलतरावांनीच घेतली.

"तुम्हाला कापूस दिसतो का?"

"नाही जी."

"अजिबात?"

"अजिबातच नाही जी."

"उत्तम," दौलतराव म्हणाले आणि मला लिहायला सांगितलं: उमेदवार पात्र. चार महिने परीक्षेवर, काम समाधानकारक असल्यास कायम. लतीफाने 'कायम' हा शब्द मला दोनदा उच्चारायला लावला, आणि संध्याकाळपर्यंत तो शिरपूरभर पोचवला.

रुजू होण्याच्या दिवशी सत्कार झाला. संघाचे संचालक घेवरचंद शेठजींनी फय्याजला हार घातला आणि पांढरी काठी दिली. वाशीमहून फोटोवाला बोलावला होता. समाजाने अंध बांधवांवर विश्वास टाकायला शिकलं पाहिजे, असं शेठजी म्हणाले. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, आणि खरं सांगतो, माझा ऊर भरून आला होता.

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. गाडी भरताना खाली कसाही कापूस जातो: उशिराच्या वेचणीचा, पिवळा, किडका, ज्याला आमच्याकडे कवडी म्हणतात तो. वजनाला बरं म्हणून त्यावर पाण्याचा हात फिरतो. मग सगळ्यात वर हातभर उंचीचा थर लागतो तो पहिल्या वेचणीच्या पांढऱ्याशुभ्र कापसाचा. पाहुणे आले की बाजेवर धुतलेली चादर टाकतात, तसंच हे. यात कुणी कुणाला फसवत नव्हतं. भरणाऱ्याला ठाऊक, अमरसिंगांना ठाऊक, मला ठाऊक. मान राखायचा तो वरच्या थराचा, असं सगळ्यांचं ठरलेलं होतं.

फय्याजला हे कोणी सांगितलं नाही. सांगायचं सुचलंच नाही, कारण थर हा दिसण्याचा मामला.

पहिल्या दिवशी पहिली गाडी शेठजींचीच होती. फय्याज चाकावर पाय देऊन चढला, बाही वर सारली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. रांगेतली माणसं गाडीजवळ सरकली. त्याने तळातून मूठभर कापूस ओढून काढला, चोळला, हुंगला.

"वरचा माल एक नंबर हाय जी," तो म्हणाला, "पन थो हातभरच हाय. खाले कवडी हाय, अन् आज सकायीच पानी मारलं हाय. तीन नंबर."

शेठजी पुढे आले. "अबे, गाडी कोनाची हाय, मालूम हाय का तुले?"

"नाही जी. मले कायचं दिसते!"

"माही हाय!"

"मंग तुमाले तं आधीच मालूम असन," फय्याज म्हणाला.

त्या दिवशी सत्तावीस गाड्या तीन नंबरला गेल्या. एक नंबरला एकच गाडी लागली, इंझोरीच्या भागिरथीबाईची. ही बाई वर्षानुवर्षं चांगला कापूस आणायची आणि अमरसिंगांकडून तीन नंबर घेऊन जायची, कारण तिच्या गाडीमागे कोणी नव्हतं. तिने फय्याजच्या हातावर गूळ ठेवला. "हा माया सख्ख्या भावावानी हाय," असं ती रांगेत सगळ्यांना सांगत सुटली. तेव्हा मला वाटलं, परिपत्रक काढणाऱ्याचं भलं होवो.

आठ दिवसांनी भागिरथीबाईची दुसरी गाडी आली. भाऊ आपलाच म्हटल्यावर तिने दिराचा कवडी कापूसही तळाशी घातला होता. फय्याजने हात घातला आणि तीन नंबर सांगितला.

"काहून रे भाऊ? मांगच्या टायमाले तं एक नंबर देल्ला होता!"

"मांगच्या टायमाले तसा कापूस होता, बाई."

"मानूस बिघडला," बाई रांगेकडे वळून म्हणाली. "नौकरी लागली की सारेच बिघडतेत."

महिन्याभरात तक्रार अर्ज तयार झाला. अक्षर चांगलं म्हणून तो मीच लिहिला. अर्जात कापसाचा उल्लेख नव्हता. इतके काही आमचे लोक अडाणी नाहीत. अर्जाचा विषय होता, 'अंध कर्मचाऱ्याच्या जीविताच्या काळजीबाबत'. कापसात साप असतो, विंचू असतो, आणि आमचा हा अंध बांधव खांद्यापर्यंत हात घालतो, हे आम्हांस बघवत नाही, असा मजकूर होता. तो लिहिताना शेठजींनी उपरण्याने डोळे पुसले.

दौलतरावांनी तत्काळ आदेश काढला: सुरक्षिततेच्या कारणास्तव मनगटाच्या पुढे हात घालू नये. फय्याजने आदेश ऐकला आणि मला म्हणाला, "देवमनभाऊ, पावतीवर लिवा: एक नंबर, मनगटापुरता."

मग दुसरा आदेश निघाला आणि विजेच्या तारा जोडणारे वापरतात तसले जाड रबरी हातमोजे आले. ते घालून फय्याज शेठजींच्या गाडीपाशी उभा राहिला आणि हसला.

"याच्यातून तं मले माहीच बोटं समजत नाही. शेठजी, तुमीच पार खाले तयात हात घाला अन् सांगा. तुमच्या शब्दावर मी नंबर देतो."

शेठजींचा हात वरच्या थरापर्यंत गेला आणि थांबला. आत साप असतो, हे त्यांनीच लेखी दिलं होतं.

काढून टाकण्याची सोय नव्हती. जिल्ह्याला पाठवायच्या तक्त्यात 'अंध कर्मचारी' असा रकाना होता आणि त्यात 'एक' लिहायला दौलतरावांना फार आवडायचं. म्हणून तिसरा आदेश निघाला. फय्याजची 'विशेष प्रतवारी सल्लागार' म्हणून आतल्या खोलीत नेमणूक झाली. खुर्ची आली, टेबल आलं, घंटी आली. कापसाचे तंतू छातीला बाधतात, म्हणून त्या खोलीत कापूस आणायला बंदी झाली. बाहेर प्रतवारीचा तात्पुरता कारभार अमरसिंगांकडे गेला आणि पुन्हा सगळ्या मालेगावचा कापूस एका रात्रीत सुधारला.

खोलीत फय्याज दोन महिने बसून होता. त्या अवधीत त्याच्या कामाविषयी एकही तक्रार आली नाही. चौथा महिना संपला, तेव्हा दौलतराव स्वतः कायम नेमणुकीचा कागद घेऊन आत गेले. मागे मी शाईची डबी घेऊन, आणि माझ्या मागे लतीफा.

"काम अत्यंत समाधानकारक," दौलतराव म्हणाले. "अंगठा करा. आता जन्माची काळजी मिटली."

"साहेब, मी काय काम केलं?"

"तेच समाधानकारक आहे."

फय्याज उठला. ज्या खुर्चीवर तो बसला होता, तिच्यावरून त्याने हात फिरवला, मग हात खाली घातला आणि बराच वेळ चाचपला.

"वर गादी हाय," तो म्हणाला, "खाले काईच नाही. असला माल मी पास नाही करत, साहेब."

मला वाटलं, लतीफा आता रडेल किंवा ओरडेल. तिने पांढरी काठी उचलून त्याच्या हातात दिली. "चला. तरी मी म्हनून राह्यली होती, दोन महिन्यापासून या मानसाले घरी येऊन सांगायले एक गोष्ट नसे."

आम्ही बिनकामाचे लोक खिडकीत उभे राहून त्यांना एसटीत चढताना पाहत होतो. मला लाज वाटली. लाज वाटली हे इथे लिहितो, कारण तेव्हा मी ते कोणाला बोललो नाही. दौलतरावांना मात्र खरं दुःख झालं होतं. रकान्यातला 'एक' गेला होता.

पुढची गोष्ट आनंदाची आहे. फय्याजने शिरपूरच्या एसटी थांब्याजवळ कडुनिंबाखाली बसकण मांडली. कुणाला गादीसाठी कापूस घ्यायचा असला, बियाणं घ्यायचं असलं, तूर, गहू, गूळ, काहीही घ्यायचं असलं, की माणसं त्याला सोबत नेतात. तो पोत्यात खांद्यापर्यंत हात घालतो आणि सांगतो. पहिलं बोलावणं घेवरचंद शेठजींचं आलं. त्यांना खेड्यापाड्यांतून कापूस विकत घ्यायचा होता. साप-विंचवाचं त्यांनी नाव काढलं नाही. दुसरं बोलावणं भागिरथीबाईचं. तिसरा मी, पोरीच्या लग्नातल्या गाद्यांसाठी. आज फय्याजला फुरसत नाही, आणि लतीफा येणाऱ्यांना नंबर देते. मात्र विकायला काढलेली गाडी त्याला दाखवायला या पंचक्रोशीतून आजवर एकही माणूस गेलेला नाही.

तक्रार अर्ज अजून माझ्या कपाटात आहे. त्यावर एकशे सात सह्या आहेत आणि खाली बरीच जागा कोरी आहे. तुम्ही एवढा वेळ आम्हाला हसलात, म्हणजे तुम्ही फय्याजच्या बाजूचे, बरं वाटलं. आता तुमच्या मुलासाठी स्थळ येईल. मुलीकडची माणसं बैठकीत बसतील, तुम्ही मुलाची नोकरी, पगार, निर्व्यसनी स्वभाव एकेक करून त्यांच्यासमोर मांडाल, आणि त्यांच्यातला एक जण हळूच बाही वर सारू लागेल. त्या दिवशी अर्जावरची ती जागा लागली तर कळवा. कोऱ्या जागेत तुमचं नाव मी चांगल्या अक्षरात लिहून देईन.