कुकर एकाचा, झाकण दुसऱ्याचं

"कुकर," चष्मेवाला म्हणाला.

"झाकण," नर्सबाई म्हणाली. पापणीसुद्धा लवली नाही तिची.

मधलेकाकांचं पेन कागदावर टेकलं होतं ते तिथेच टेकून राहिलं. खोलीतली ट्यूबलाइट सकाळपासून फडफडत होती, तीही नेमकी त्याच क्षणी विझली. नवराबायको टेबलाच्या दोन टोकांना बसले होते. दोघांच्या मधोमध काका होते.

नवराबायकोचं, भावाभावांचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांचं भांडण कोर्टाची पायरी चढण्याआधी मिटवायचं, हा काकांचा धंदा. आयुष्यभर दोन माणसांच्या मध्ये बसून बसून लोक त्यांचं खरं आडनाव विसरले आणि त्यांचे 'मधले' झाले. संसाराच्या वाटणीसाठी त्यांची एक पद्धत होती. आळीपाळीने एकेक वस्तू मागायची. ज्याचं मन जास्त दुखावलंय, त्याचा पहिला नंबर. आणि नियम एकच, तोंडातून गेलं की गेलं, मग बदलायचं नाही. या नियमावर काकांनी कितीतरी घरं एक काच न फुटता वेगळी केली होती.

या जोडप्याचं मात्र पडद्यांपासूनच बिनसलं होतं. पहिला नंबर नर्सबाईला दिला म्हणून चष्मेवाला आधीच फुरंगटून बसलेला. तिची पहिली वस्तू झाल्यावर त्याने पडदे मागितले, तर तिने पडद्यांचे दांडे मागितले. त्याने पलंग घेतला, तिने गादी घेतली. काकांनी तेव्हाच टोकायला हवं होतं. पण नियम म्हणजे नियम! आता चष्मेवाला उघड्या पलंगावर झोपणार होता आणि नर्सबाई जमिनीवर.

"मग मी शिट्टी घेतो," अंधारातून चष्मेवाल्याचा आवाज आला.

"घे ना! रबर माझं."

"अहो, कुकर म्हणजे अख्खा कुकर..." काका चाचरत म्हणाले.

"काका, तोंडातून गेलं की गेलं. तुम्हीच म्हणालात," नर्सबाई म्हणाली.

आता बोला! तडजोडीचा कागद तयार होता, फक्त सह्या बाकी होत्या. पण कुकर अख्खा मिळाल्याशिवाय चष्मेवाला सही करणार नव्हता, आणि झाकण तर नर्सबाई मेली तरी सोडणार नव्हती. शुक्रवारपर्यंत सह्या झाल्या नाहीत तर प्रकरण कोर्टात जाणार. तिथे एकदा गेलं की दोघांचे केस पिकतील आणि कुकर आहे तिथेच राहील, हे काकांना चांगलंच ठाऊक होतं. त्यांनी डोकं चालवलं. चारही भाग तोवर तटस्थ ठिकाणी ठेवायचे. आणि तटस्थ ठिकाण म्हणजे अर्थातच त्यांचं स्वतःचं घर.

घर तटस्थ होतं यात शंकाच नाही. गेली तीस वर्षं काकू त्या तटस्थपणातच संसार करत होत्या. वरच्या मजल्यावरच्या बाईने काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर फरशी पुसलेलं घाण पाणी ओतलं, तेव्हा काका म्हणाले होते, तिचीही काही अडचण असेल. काकांच्या बहिणीने भर जेवणात "वहिनी, तुमच्या हाताला चवच नाही हो" असं ऐकवलं, तेव्हा काकांनी दोघींकडे आळीपाळीने पाहून सांगितलं होतं, "दोघींचंही आपापल्या जागी बरोबर आहे." काकूंनी त्या दिवशी ताट उचललं आणि तेव्हापासून घरात कामापुरतंच बोलायला सुरुवात केली. काकांना वाटलं, चला, वाद मिटला.

त्या संध्याकाळी काका पिशवी घेऊन घरात शिरले, तर पलंगावर काकूंची बॅग उघडी पडलेली. बाजूला घडी केलेल्या साड्या.

"शनिवारी बहिणीकडे जातेय," काकू म्हणाल्या. "परत यायचं की नाही, ते तिथे जाऊन ठरवीन."

"अगं, पण झालं काय?"

"तेच. काही झालेलं तुम्हाला कळत नाही. तुमच्या बहिणीला एकदा फोन करा आणि सांगा, वहिनीला तसं बोललीस ते चुकलं तुझं. एवढंच. आयुष्यात एकदा तरी माझी बाजू घ्या."

"हे बघ, दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्याशिवाय..."

"अहो, इथे दुसरी बाजू तुम्हीच आहात!"

काकांना हे पटलं असं नाही, पण लागलं मात्र. त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली. "एवढी कुकरची भानगड मिटू दे, मग बसू आपण," ते म्हणाले. आणि विषय बदलायचा म्हणून त्यांनी काकूंना सगळा प्रकार सांगितला. पडदे, दांडे, झाकण, शिट्टी, नियम. काकू हसतील असं त्यांना वाटलं होतं. काकूंनी फक्त विचारलं, "पहिला नंबर कोणाचा म्हणालात?"

"ज्याचं मन जास्त दुखावलंय त्याचा."

"बरी आहे पद्धत," काकू म्हणाल्या आणि साड्या बॅगेत भरू लागल्या.

दुसऱ्या दिवशी काकू बटाटे उकडायला गेल्या. त्यांच्या स्वतःच्या कुकरचं रबर सैल झालं होतं, वाफ बाजूने फुसफुसायची. नवं आणा म्हणून त्या कधीपासून सांगत होत्या. पिशवीत धडधाकट कुकर आयता होता. एकदा वापरून धुऊन ठेवला तर कोणाला कळतंय! त्यांनी चारही भाग जुळवले आणि गॅसवर चढवला. झाकण असं घट्ट बसलं की काकूंना जरा हेवाच वाटला.

तेवढ्यात फोन वाजला. नणंदबाई.

"वहिनी, अजून रुसलाच आहात का? दादाच म्हणाला ना तेव्हा, दोघींचं बरोबर आहे म्हणून? म्हणजे माझं बरोबरच होतं की!"

आता यावर काकूंनी जे बोलायला सुरुवात केली, ते गेल्या तीस वर्षांचं साठलेलं होतं. ते काही दोन वाक्यांत आटपणार नव्हतं. इकडे शिट्ट्या होऊन गेल्या, पाणी आटलं, बटाट्यांचा कोळसा झाला आणि शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह फाडकन उडाला. काकू धावत आल्या तोवर स्वयंपाकघर धुराने भरलं होतं. झाकण डागळलं होतं, रबर वितळलं होतं आणि कुकरचा तळ आतून तव्यासारखा काळा झाला होता.

शुक्रवारी सकाळी काका तो कुकर टेबलावर ठेवून मान खाली घालून बसले. ट्यूबलाइट अजून बदललेली नव्हती. कुकर घासून घासून काकूंच्या बोटांची सालटी निघाली होती, पण काळेपणा तसूभर हलला नव्हता. आपण स्वतः जाऊन माफी मागू म्हणून त्याही आल्या होत्या आणि दाराशी उभ्या होत्या.

चष्मेवाल्याने कुकरमध्ये डोकावून पाहिलं. मग नर्सबाईने पाहिलं. पाहता पाहता ती त्याच्या बाजूच्या खुर्चीवर कधी बसली, ते तिचं तिलाही कळलं नाही.

"काका, हे काय! आमचा कुकर जाळलात तुम्ही?" चष्मेवाला म्हणाला.

"आमचा पहिला कुकर होता तो," नर्सबाई म्हणाली. "नाइट ड्यूटीवरून आले की हा त्यात गरम गरम भात लावून ठेवायचा."

"कच्चा असायचा तो," चष्मेवाला पुटपुटला.

"असायचाच. पण मी खायचे ना?"

दोघं एका बाजूला बसून आपल्याकडे रोखून पाहताहेत, हे काकांच्या आता ध्यानात आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर दोन बाजू होत्या आणि त्यातली एक त्यांची स्वतःची होती.

"कोणी जाळला?" चष्मेवाल्याने विचारलं.

दाराशी काकूंनी पदर मुठीत आवळला. 'माझ्याकडे ठेवायला दिला होता, जबाबदारी माझी,' एवढंच काकांनी म्हणायचं होतं. पाच-सहा शब्दांचं काम. पण तीस वर्षांची सवय जिभेवर बसलेली.

"त्याचं असं आहे," काकांनी घसा खाकरला. "माझ्या बायकोचा थोडा निष्काळजीपणा झाला, हे खरंच. तुमचा संताप अगदी रास्त आहे. पण तिचीही काही बाजू असेल. तेव्हा दोघांनीही..."

पुढचं वाक्य पूर्ण झालं नाही. दाराशी आता कोणी नव्हतं. जिन्यावरून चपलांचा आवाज उतरत गेला.

"काका, तुम्ही घरीही असंच बोलता?" नर्सबाईने विचारलं.

चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला. बायकोकडे न पाहताच तो म्हणाला, "आपण निदान भांडतो तरी."

मग दोघं उठले. सह्यांचं काय, असं काकांनी विचारल्यावर नर्सबाई म्हणाली, "आज राहू दे. आधी कुकर बघायला जातो."

"एक की दोन?" काकांच्या तोंडून निघून गेलं.

"ते दुकानात ठरवू," चष्मेवाला म्हणाला. "हा जळका ठेवा तुम्हाला."

काका दुपारीच घरी आले. दाराला कुलूप होतं. शनिवार उजाडायची वाट काकूंनी पाहिली नव्हती. पलंगावरची बॅग गेली होती, बाकी घर जसंच्या तसं होतं. कुठे चिठ्ठी नाही, चपाटी नाही. काका घरभर फिरले. कपाट उघडलं, बंद केलं. शेवटी तहान लागली म्हणून स्वयंपाकघरात गेले, तर ओट्यावर त्यांचा स्वतःचा कुकर होता.

झाकण नव्हतं.

काकांनी फडताळ पाहिलं, मोरी पाहिली, ओट्याखाली वाकून पाहिलं. मग त्यांना कळलं आणि ते तिथेच स्टुलावर मटकन बसले. हातातल्या पिशवीतलं जळकं झाकण काढून त्यांनी आपल्या कुकरवर लावून पाहिलं. ते बसेना. त्यांनी फोन लावला.

"पोचलीस का?"

"हो."

"झाकण नेलंस तू."

"पहिला नंबर माझाच होता ना?" काकू म्हणाल्या.

"तुझाच होता," काका म्हणाले. "चुकलं माझं. सकाळी मी म्हणायला हवं होतं, की जळला तो माझ्यामुळे."

मग काकू जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "आता तुमचा नंबर. काय घेता? नीट विचार करून बोला. तोंडातून गेलं की गेलं."

काकांनी विचार केला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच केला नाही. "तुझी बाजू," ते म्हणाले. "तुझी बाजू घेतली. बहिणीला आत्ता फोन करतो, तिचं चुकलंच म्हणून सांगतो. तू ये. नाहीतर मी न्यायला येतो."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. काकू रडत होत्या, पण त्यात थोडं हसूही होतं. "या मग," त्या म्हणाल्या. "इथे माझी बहीण मघापासून माझ्यावर डाफरतेय. म्हणते, इतकी वर्षं संसार केलास आणि घरातून काय घेऊन निघालीस, तर नुसतं झाकण! वेडीच आहेस म्हणते."

"तसं पाहिलं तर," काका मायेने म्हणाले, "तिचंही अगदीच चूक..."

त्यांनी कचकन जीभ चावली. पण तोंडातून गेलं ते गेलंच होतं. फोन बंद झाला होता.