पोपटांची चुंबळ

निलंग्याच्या त्या गल्लीत आठ घरं होती आणि टँकर पाचव्या घराला आटायचा. म्हणून बायका आदल्या दिवशीच घागरी रांगेला लावत. घागरी एकाच बाजारातल्या, जर्मन धातूच्या, सगळ्या सारख्या. खूण एकच, तोंडावर ठेवलेली चुंबळ. जिची चुंबळ, तिचा नंबर.

नीलम्माची चुंबळ म्हणजे चिंध्यांचं वेटोळं. धागे केसांत अडकायचे. तिच्या सुनेने, रुद्राणीने, एके दुपारी फाटकी चादर काढली. हिरव्या पोपटांची. बाळ मांडीवर निजलं होतं तेवढ्यात पट्टी कापली, नळी शिवून उलटवली, आत चिंध्या दाबल्या आणि टोकं जोडून टाकली.

"पोपट अजून ताजे हायत," शेजारची दानम्मा म्हणाली. "गल्लीत हिरवं म्हणून एवढंच ऱ्हायलंय. मला शिकीव की."

"लई सोपं हाय, काकू. ही घ्या पट्टी."

मग तारामती आली, पारूबाई आली. दिवस कलेपर्यंत साती घरांना शिवण आलं आणि चादर संपली. "मास्तरीणबाई," पारूबाई जाताना म्हणाली. रुद्राणीला ते फार गोड वाटलं. बाळाच्या अंगभर घामोळं उठलं होतं, आठ दिवस त्याला अंघोळ नव्हती; पण उद्या आपला नंबर दुसरा आहे, एवढ्यावर ती निवांत होती.

सकाळी एक तहानलेला बैल रांगेतून गेला. घागरी गडगडल्या. कुणा भल्या माणसाने त्या पुन्हा ओळीत लावल्या, प्रत्येकीवर आठवणीने पोपटांची एकेक चुंबळ ठेवून.

टँकर आला. ड्रायव्हर बसवंतने पाइप धरला. "पैली कोणाची?"

"माझी," आठ जणी म्हणाल्या.

"मी माझे पोपट वळखत न्हाई का?" तारामती म्हणाली.

"वळख मग. त्यांची नावं काय, सांग," दानम्मा म्हणाली.

"टाके बघा. माझे बारीक हायत," पारूबाई म्हणाली. टाके सगळ्यांचेच ओबडधोबड होते.

बसवंतने थोडा वेळ वाट पाहिली. "तुमचं ठरू द्या. तवर म्होरची गल्ली करून येतो," म्हणाला आणि गेला. पुढची गल्ली मोठी होती. टँकर परत आला नाही.

"आपला तालुका उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूरला आला," दानम्मा धुळीकडे बघत म्हणाली, "पाणी वाटंत सांडलं जणू."

"आमच्या मास्तरीणबाईनं सांडलं," नीलम्मा म्हणाली.

रुद्राणीने बाळाला खांद्यावर घेतलं. बाळ मात्र रडू लागलं, खाजवून खाजवून. ते रडणं आठही घरांत ऐकू जात होतं. थोड्या वेळाने दानम्मा तांब्या घेऊन आली. "माठाच्या तळाचं हाय. गाळून घे." मग तारामती, मग बाकीच्या. कुणाचा पेला, कुणाचं फुलपात्र. अर्धी बादली भरली.

नीलम्माने बाजेवर नातवाला घेतलं, बाजेखाली परात सरकवली. आठ दिवसांची धूळ वाहून गेली तसं बाळ हसलं. खालच्या परातीत गढूळ पाणी साचलं. वाया घालवण्याजोगं ते नव्हतंच. घरोघरी शेळ्या तहानल्या होत्या, भांडी खरकटी होती.

रुद्राणीने मान वर केली. दारात सात घागरी ओळीने लागल्या होत्या. प्रत्येकीवर हिरवे पोपट.

नीलम्माने परातीच्या काठावर हात ठेवला आणि सुनेकडे पाहिलं. "तूच सांग आता, मास्तरीणबाई. पैली कोणाची?"